अ‍ॅसिड मिळालं, पेरॉक्साइड नाही : नागपुरातल्या एका हौशी रसायनप्रेमीचं प्रकरण

डिसेंबर २०२४ च्या एका आठवड्यात आमच्या कॉलनीतले काकाजी इतवारीच्या बाजारात दोन वस्तू घ्यायला गेले. एक सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि दुसरी हायड्रोजन पेरॉक्साइड, तीस टक्क्यांचं. अ‍ॅसिड अर्ध्या तासात मिळालं. पेरॉक्साइड पाच दुकानं फिरूनही मिळालं नाही. चेहऱ्यावर फेकलं तर माणसाचा जन्म उद्ध्वस्त करणारी वस्तू पिशवीत घालून दिली जाते आणि केस पिवळे करायला पार्लरमध्ये ज्याचा सौम्य अवतार वापरतात ते पाणी दिलं जात नाही, हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळत नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, प्रयोगशाळेची चावी माझ्याकडे असते, आणि या प्रकरणात एक नकार माझाही आहे. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

काकाजींचं नाव लिहीत नाही. कॉलनीतली पोरं, त्यांच्या आया, दूधवाला, सगळे त्यांना काकाजीच म्हणतात. रेल्वेच्या सिग्नल विभागात ३३ वर्षं नोकरी झाली. रसायनशास्त्राची पदवी नाही. गोडी लागली ती फोटोच्या नादातून: तरुणपणी घरच्या न्हाणीघरात फिल्म धुवायचे, मग डेव्हलपर विकत आणण्याऐवजी स्वतः कालवायला लागले, आणि कॅमेरा बाजूला पडून बाटल्याच उरल्या. निवृत्तीनंतर गच्चीवर पत्र्याची एक खोली बांधली. तिथं एक ओटा, एक तराजू, बेसिन, वाळूची बादली आणि वह्या. वह्या महत्त्वाच्या आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की त्या खोलीत पाऊल ठेवता येत नाही, त्यामुळे त्यांचं रसायनशास्त्र ऑक्टोबर ते मार्च असं हंगामी चालतं.

त्या वर्षी त्यांच्या मनात विज्ञान दिन होता, २८ फेब्रुवारी. कॉलनीतल्या पोरांना असा प्रयोग दाखवायचा की मोबाईल खिशात गेला पाहिजे. त्यांनी निवडला ब्रिग्ज-राउशर. एका पेल्यात रंगहीन द्रावणं एकत्र ओतायची आणि ढवळत ठेवायचं. द्रावण पिवळसर होतं, अचानक गडद निळं होतं, पुन्हा रंगहीन, पुन्हा पिवळं, पुन्हा निळं. कोणी हात लावत नाही तरी काही मिनिटं हे चक्र चालू राहतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गॅलिलिओ हायस्कूलमधल्या ब्रिग्ज आणि राउशर या दोन शिक्षकांनी हा प्रयोग घडवला आणि १९७३ साली रसायनशास्त्र शिक्षणाच्या एका नियतकालिकात छापला. विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी नव्हे, शाळेतल्या शिक्षकांनी. काकाजींना या गोष्टीचं फार अप्रूप. मलाही आहे.

या जातीच्या प्रयोगांना इतिहास आहे आणि तो थोडा कडू आहे. सोव्हिएत रशियातल्या बेलौसॉव्हला १९५१ च्या सुमारास अशी डोलणारी अभिक्रिया सापडली. रासायनिक क्रिया अशी पुढे-मागे जाऊच शकत नाही म्हणून त्याचा लेख परत आला. दहा वर्षांनी झाबोटिन्स्कीनं तेच काम पुढे नेलं आणि आज ती अभिक्रिया दोघांच्या नावानं ओळखतात. ती पोटॅशियम ब्रोमेटवर चालते. काकाजींनी ती मुद्दाम टाळली. ब्रोमेटबद्दल कर्करोगाचा संशय आहे, २०१६ साली आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पावात घालायला परवानगी असलेल्या पदार्थांच्या यादीतून ते काढून टाकलं. पोरांसमोर ते नको. ब्रिग्ज-राउशरमध्ये त्या जागी पोटॅशियम आयोडेट असतं, म्हणजे जे आपल्या रोजच्या आयोडीनयुक्त मिठात कणभर असतं तेच. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड, मॅलोनिक अ‍ॅसिड, मँगनीज सल्फेट, स्टार्च आणि थोडं सल्फ्युरिक अ‍ॅसिड.

यातले दोन पदार्थ ऑक्सिडक. दहावीच्या पुस्तकातला शब्द आहे, पण पुस्तकाबाहेर कोणी वापरत नाही म्हणून सोप्यात सांगते: जो दुसऱ्याला ऑक्सिजन देतो किंवा त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतो तो ऑक्सिडक. स्वतः जळत नाही, दुसऱ्याचं जळणं मात्र भडकवतो. बाटलीवर वर्तुळ आणि त्यावर ज्योत असं चित्र असतं. वाहतुकीच्या वर्गवारीत त्याला ५.१ हा आकडा आणि पिवळा चौकोन. सोरा (म्हणजे बंदुकीच्या दारूतलं पोटॅशियम नायट्रेट), परमँगनेट, क्लोरेट, आयोडेट, तीव्र पेरॉक्साइड, सगळी याच कुळातली. आणि ज्या कुळात सोरा आहे त्या कुळाकडे दुकानदार, कुरिअरवाला आणि पोलीस सारख्याच नजरेनं पाहतात.

पाच दुकानं

मँगनीज सल्फेट सर्वात सोपं निघालं. ते सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून खतांच्या दुकानात मिळतं. संत्र्याच्या बागांचा मुलूख आहे, कृषी केंद्रात कोणी विचारतही नाही. स्टार्चसाठी मक्याचं पीठ. मॅलोनिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेचा माल विकणाऱ्यानं मागवून दिलं, आठ दिवस लागले.

सल्फ्युरिक अ‍ॅसिडसाठी परवाना असलेलं दुकान होतं. दुकानदारानं आधार कार्ड मागितलं, झेरॉक्स घेतली, रजिस्टर उघडलं. नाव, पत्ता, किती, कशासाठी. काकाजींनी लिहिलं, ‘विज्ञान प्रयोग’. सही केली. बाटली मिळाली.

पेरॉक्साइडचं मात्र असं झालं. पहिल्या दुकानात सांगितलं, माल नाही. मागच्या फळीवर जार दिसत होते. दुसऱ्यानं जीएसटी नंबर मागितला. तिसऱ्यानं विचारलं, “काकाजी, कायले पाह्यजे तुमाले? कपडा धुवून राहिले का कागद?” प्रयोगासाठी म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, “नाही जी. आमाले कॉलेजचं लेटरहेड लागते.” चौथ्याकडे पस्तीस किलोचा कॅन होता, सुटं द्यायला तो तयार नव्हता. त्याचं बरोबरच होतं, तीव्र पेरॉक्साइड सुट्या बाटलीत ओतून विकणं धोक्याचं. त्याच्या बाटलीचं झाकणही खास असतं, आत तयार होणारा वायू बाहेर पडायला जागा ठेवलेलं. पाचवा गप्प बसून काकाजींकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “पेपर वाचता ना काकाजी?”

आयोडेटसाठी त्यांनी ऑनलाइन मागणी नोंदवली. पैसे कापले गेले, तीन दिवसांनी मागणी रद्द झाल्याचा संदेश आला. कारण, ‘वाहतुकीस अयोग्य’. विमानानं जाणारी पार्सलं आणि टपाल या दोन्हींत ५.१ चा माल साध्या पाकिटातून चालत नाही, आणि शंभर ग्रॅमसाठी धोकादायक मालाची वेगळी कागदपत्रं करायला कोण बसणार?

पेपरमध्ये काय होतं

पाचव्या दुकानदाराचं वाक्य नागपूरबाहेरच्यांना कळणार नाही. हे शहर स्फोटकांच्या मधोमध वसलेलं आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, त्यांना सुरुंग लागतात, म्हणून स्फोटकं बनवणारे कारखाने अमरावती रोड आणि हिंगण्याच्या बाजूला उभे राहिले. अंबाझरीला आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दुसरी, वर्धा जिल्ह्यात पुलगावला दारूगोळा भांडार. आणि देशभरच्या स्फोटकांवर नियमांची देखरेख करणारी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला. काकाजींच्या घरून स्कूटरनं दहा मिनिटं.

बाजारगावच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोट झाला, नऊ कामगार गेले. त्यात बाया जास्त होत्या. पुढच्या जूनमध्ये धामण्याला झाला. आणि या प्रकरणाच्या ऐन मध्यात, २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले. त्या आठवड्यात इतवारीत कोणी अनोळखी माणसाला ऑक्सिडक विकला नसेल, आणि दुकानदार असते तर मीही विकला नसता.

आता कायदा. काकाजींनी दोन आठवडे हेच केलं, नियम वाचले. रेल्वेच्या माणसाला नियमावली वाचायचा कंटाळा नसतो. त्यांच्या वहीत जे उतरलं ते माझ्या शब्दांत असं.

स्फोटकांचा मूळ कायदा १८८४ चा, त्याखालचे नियम २००८ चे. अमोनियम नायट्रेट आधी खत आणि रसायन म्हणून फिरत असे. २०११ च्या अधिसूचनेनं पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेलं मिश्रण स्फोटक ठरलं आणि २०१२ मध्ये त्याचे स्वतंत्र नियम आले. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात पडून असलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं, त्यानंतर २०२१ मध्ये आपले नियम आणखी घट्ट झाले. क्लोरेटमध्ये गंधक मिसळलेली कोणतीही स्फोटक दारू १९९२ पासून बंद आहे. फटाक्यांतल्या बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बंदी घातली, आणि त्याला पर्याय म्हणून ‘हरित फटाके’ शोधले गेले ते पुन्हा आमच्याच नागपुरात, वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत. परमँगनेट, म्हणजे आपल्या आज्या विहिरीत टाकायच्या ती लाल दवा, अमली पदार्थांविरुद्धच्या १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात नाव असलेलं रसायन आहे, कारण कोकेन शुद्ध करायला ते वापरतात.

आणि अ‍ॅसिड. अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २०१३ ला जे आदेश दिले ते काकाजींना तोंडपाठ झाले. दुकानदारानं रजिस्टर ठेवायचं, घेणाऱ्याचं फोटो ओळखपत्र बघायचं, कारण लिहून घ्यायचं, अठराच्या आतल्याला द्यायचं नाही, साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा, चुकलं तर पन्नास हजारांपर्यंत दंड.

इतकं वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पेरॉक्साइड आणि आयोडेट यांतलं काहीच नाही. ते स्फोटक नाही, विषांच्या रजिस्टरात नाही, खत नाही. पेसोकडे जाऊन परवाना मागावा तर असा परवानाच नाही, कारण त्याची गरज नाही. आणि नेमकी हीच त्यांची अडचण होती. अ‍ॅसिडच्या दुकानदाराला कायद्यानं सांगितलं होतं की एवढ्या गोष्टी केल्यास तू सुटलास. पेरॉक्साइडच्या दुकानदाराला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. उद्या काही झालं तर पोलीस विचारणार, कोणाला विकलं? त्याच्याकडे दाखवायला रजिस्टर नाही, सही नाही, नियम नाही. मग त्यानं स्वतःचाच नियम केला: चेहरा ओळखीचा नसेल तर लेटरहेड.

युरोपात याचं उलट आहे. तिथं १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू असलेल्या नियमांत सामान्य माणसासाठी टक्केवारीच छापून दिली आहे: पेरॉक्साइड १२ टक्क्यांपर्यंत, नायट्रिक अ‍ॅसिड ३, सल्फ्युरिक १५. त्यावरचं हवं असेल तर ज्या देशात परवाना देण्याची सोय आहे तिथं अर्ज करा, नसेल तर विषय संपला. तिकडचे हौशी लोक या नियमांवर चिडून असतात आणि त्यांचं चिडणं मला पटतं. तरी काकाजी एकदा म्हणाले, “मॅडम, बारा टक्के तर बारा टक्के. पण आकडा तर आहे ना! माणसाला कळते कुठं थांबायचं.” नियमावलीवर वाढलेला माणूस असंच बोलणार.

माझा नकार, आणि मग ती चिठ्ठी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं. शाळेच्या नावानं मागवता येईल का? पाचशे मिली पेरॉक्साइड, शंभर ग्रॅम आयोडेट. पैसे ते देणार.

मी नाही म्हटलं. कारण असं की प्रयोगशाळेच्या साठ्याला मी उत्तरदायी आहे. अ‍ॅसिडच्या त्याच निकालात संस्थांसाठीही कलमं आहेत: वापराची नोंद ठेवायची आणि एक जबाबदार व्यक्ती नेमायची. आमच्या शाळेत ती व्यक्ती मी. पेरॉक्साइड त्या निकालात येत नाही हे मला माहीत होतं, पण शाळेच्या बिलावर आलेली बाटली शाळेच्या कपाटात नसेल तर तिचा हिशेब मी कोणत्या पानावर लावणार? काकाजी समजून गेले. दोन दिवस मात्र त्यांनी मला सकाळच्या चालण्यात हाक मारली नाही.

मग त्यांनी चूक केली. त्यांचा पुतण्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. त्यानं क्लासचं लेटरहेड आणून दिलं आणि त्यावर ‘आमच्या प्रयोगशाळेसाठी पुढील रसायने द्यावीत’ असं टाइप केलं. क्लासला प्रयोगशाळा नाही. चिठ्ठीत पेरॉक्साइड आणि आयोडेट होतं, आणि एकदाचं लेटरहेड मिळालंच आहे तर म्हणून पुढच्या वर्षाचंही: पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम परमँगनेट. चार ऑक्सिडक, एका कागदावर, खोट्या पत्त्यासारख्या खऱ्या पत्त्याखाली.

दुकानदारानं कागद घेतला, “उद्या या” म्हणाला आणि लेटरहेडवरच्या नंबरवर फोन लावला. क्लासच्या मालकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. जवाहरनगरच्या स्फोटाला तेव्हा पुरते दहा दिवसही झाले नव्हते.

मी काकाजींची पाठराखण करत नाही. चिठ्ठी खोटी होती. प्रत्येक नकारानंतर माणूस थोडा वाकडा होतो हे खरं असलं तरी वाकडं व्हायचं की प्रयोग बदलायचा, हा पर्याय त्यांच्याकडे डिसेंबरातच होता. तो त्यांनी फेब्रुवारीत घेतला.

गच्चीवरची खोली

दोन पोलीस आले, साध्या कपड्यात, दुपारी चारला. काकूंनी चहा केला. गच्चीवर दीड तास गेला. मला काकाजींनी बोलावून घेतलं, ‘या मॅडम शाळेत रसायनशास्त्र शिकवतात’ असं सांगायला.

त्या दिवशी फळीवर काय होतं हे मी नंतर पुन्हा नीट पाहिलं, कारण प्रकरणाचं सगळं वजन तिथं आहे. तुरटीचे मोठे स्फटिक. मोरचुदाचे निळे स्फटिक, फार सुंदर. मिथिलीन ब्ल्यू, ग्लुकोज, कॉस्टिक सोडा. परमँगनेटची मेडिकल स्टोअरमधली छोटी पुडी, आणि तिच्याच फळीवर ग्लिसरीनची बाटली. एक ऑक्सिडक आणि एक जळणारं, ही जोडी मी माझ्या प्रयोगशाळेत एका कपाटातसुद्धा ठेवत नाही. कृषी केंद्रातून बागेसाठी आणलेल्या १३:०:४५ खताचा डबा, निम्मा रिकामा. हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच. त्याच्या शेजारी गुलाबांवर फवारायचं गंधक. दोन बाटल्यांवर लेबलच नाही.

काकाजींच्या डोक्यात ती बागेची फळी होती. खत आणि बुरशीनाशक शेजारी ठेवलं, त्यात काय? पण बाहेरून आलेल्या माणसानं ती फळी कशी वाचायची? सोरा आणि गंधक एकत्र म्हटलं की गणपतीत तोफा उडवलेल्या कोणालाही एकच गोष्ट आठवते. १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्यात ‘स्फोटक पदार्थ’ या शब्दात तो बनवण्याचं साहित्यही मोडतं. आणि पाचव्या कलमाचा रोख असा आहे की संशयास्पद परिस्थितीत असं काही तुमच्या ताब्यात सापडलं तर ते कायदेशीर कारणासाठी होतं हे तुम्हीच दाखवायचं. एरवी गुन्हा शाबीत करणं सरकारचं काम. इथं निर्दोष हेतू सांगायची पाळी आपल्यावर येते. नाद म्हणून रसायनं बाळगणाऱ्या प्रत्येकानं हे कलम वाचावं असं मला वाटतं.

काकाजींना वह्यांनी वाचवलं. अकरा वर्षांच्या सात वह्या. प्रत्येक प्रयोगाला तारीख, प्रत्येक खरेदीचं बिल पानाला चिकटवलेलं, किती वापरलं, किती उरलं. १३:०:४५ च्या डब्याची नोंद होती: ‘एक टक्क्याचं पाणी, संत्र्याची दोन झाडं, फवारणी’. अशी पाच फवारण्यांची तारीखवार पानं. दोघांतल्या थोरल्यानं ती पानं सावकाश वाचली. त्याच्या सासऱ्यांची काटोलला संत्र्याची बाग होती. त्यानं विचारलं, “आंबिया बहाराले मारता का?” आणि तिथून आवाज उतरला. नशीबाचा भाग नव्हता असं मी म्हणणार नाही.

कागदावर जबाब झाला, चिठ्ठीबद्दल पुतण्याला आणि काकाजींना बोलावून समज दिली गेली. बिनलेबलच्या दोन बाटल्यांत काय आहे असं विचारल्यावर काकाजींना उत्तर देता आलं नाही. त्यांना सर्वात जास्त लाज त्याची वाटली, चिठ्ठीची नव्हे.

मग काय बदललं

फळी आम्ही दोघांनी एका रविवारी रिकामी केली. खत आणि गंधक खाली बागेच्या पेटीत, दोन टोकांना. उरलेलं खत पुढच्या फवारणीत संपवायचं आणि यापुढे पुडी आणायची ती लागेल तेवढीच. ग्लिसरीन स्वयंपाकघराच्या कपाटात. ऑक्सिडकांसाठी वेगळी पत्र्याची पेटी, लाकडाची नाही, कागद-कापूस जवळ नाही. प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता, आणल्याची तारीख. खोलीच्या दारावर आतल्या साठ्याची यादी, मराठीत, पेन्सिलीनं, म्हणजे रोज बदलता यावी. यादी कोणासाठी? आग लागली तर अग्निशमनवाल्यांसाठी. तोवर त्यांच्या मनात हा विचार कधी आला नव्हता, आणि खरं सांगते, माझ्याही प्रयोगशाळेच्या दारावर तेव्हा अशी यादी नव्हती. सोमवारी लावली.

मोठा बदल प्रयोगात झाला. काकाजींनी स्वतःला विचारलं की मेडिकल स्टोअरमध्ये कोणता ऑक्सिडक मिळतो? तिथं पेरॉक्साइड मिळतंच, ‘वीस व्हॉल्यूम’ लिहिलेलं, जखमा धुवायला. वीस व्हॉल्यूम म्हणजे एक माप द्रावणातून वीस मापं ऑक्सिजन सुटतो, सहा टक्के. त्याच्यासोबत टिंक्चर आयोडीन, व्हिटॅमिन सीची गोळी आणि मक्याच्या पिठाचं पाणी घेतलं की घड्याळाचा प्रयोग होतो: द्रावण स्वच्छ राहतं, राहतं, आणि ठरलेल्या क्षणी एका झटक्यात काळंनिळं होतं. गोळी जास्त घातली तर उशिरा, पाणी गरम असलं तर लवकर. पोरांनी स्टॉपवॉच धरून आलेख काढला. सगळा माल दीडशे रुपयांच्या आत, एकाच काउंटरवर, कोणी भुवई उचलली नाही.

आणि निळी बाटली. ग्लुकोज, कॉस्टिक सोडा, चिमूटभर मिथिलीन ब्ल्यू. बाटली ठेवून दिली की रंग जातो, हलवली की निळी. कारण यातला ऑक्सिडक म्हणजे बाटलीतल्या हवेतला ऑक्सिजन. काकाजी म्हणाले, “याले कोण लेटरहेड मागते!” बाटलीचं बूच घट्ट हवं आणि सोडा डोळ्यात जायला नको, एवढंच सांभाळायचं.

पण ब्रिग्ज-राउशर त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. सौम्य पेरॉक्साइडवरही तो चालतो, फक्त झोके कमी होतात. पण आयोडेट कुठून आणणार? इथं मी माझ्या नकाराची थोडी भरपाई केली. माझे एक जुने प्राध्यापक शहरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांनी एक पान लिहून घेतलं. रसायनं कॉलेज आपल्या नेहमीच्या पुरवठादाराकडून आपल्या साठ्यात घेणार. ती कॉलेजाबाहेर जाणार नाहीत. काकाजी शनिवारी दुपारी येणार, प्रयोग प्रयोगशाळा सहायकासमोर करणार, चष्मा आणि हातमोजे सक्तीचे, उरलेलं द्रावण हायपोनं (सोडियम थायोसल्फेटनं) निष्प्रभ केल्याशिवाय बेसिनमध्ये ओतायचं नाही, कारण शेवटी त्यात मोकळं आयोडीन उरतं. मुलं येणार असतील तर पहिल्या बाकापासून दोन मीटर मागे. काकाजींनी पान तीनदा वाचलं आणि सहीखाली स्वतःचं निवृत्तीचं ओळखपत्र क्रमांकासह लिहिलं, जे कोणी मागितलं नव्हतं.

यात त्यांचं काय गेलं, तेही लिहायला हवं. रात्री अकराला झोप येत नाही म्हणून गच्चीवर जाऊन ‘असं केलं तर?’ करून बघणं गेलं. चूक करण्याचा एकांत गेला. कॉलेजात शनिवारी दोन ते पाच, आणि सहायक साडेचारला घड्याळ बघू लागतो. ब्रिग्ज आणि राउशरना त्यांच्या शाळेची प्रयोगशाळा होती. हौशी माणसाला ती उसनी घ्यावी लागते. सुरक्षित झालं, यात शंका नाही. गच्चीवरच्या खोलीचं दार मात्र त्यानंतर कित्येक दिवस बंद होतं, काकूंनीच मला सांगितलं.

१ मार्च

विज्ञान दिन शुक्रवारी आला, म्हणून कार्यक्रम शनिवारी, १ मार्च २०२५ ला. कॉलनीतली सतरा पोरं, चार आया, आणि मागच्या बाकावर पुतण्या, मान खाली घालून. आधी निळी बाटली, मग घड्याळ, मग तो.

काकाजींनी द्रावणं हिवाळ्यात वाचलेल्या मापांनी बनवली होती. नागपूरचा मार्च त्यांनी हिशेबात धरला नव्हता. खोली तापलेली, पंखा फक्त गरम हवा ढवळत होता, आणि उष्णतेनं क्रिया वेगानं चालते. झोके अपेक्षेपेक्षा भराभर पडू लागले. पिवळं, निळं, पांढरं, पिवळं, निळं. पोरं मोठ्यानं मोजायला लागली आणि त्यांची जीभ मागे पडली. अकरा, बारा, तेरा. मग पेला निळा झाला आणि निळाच राहिला, आयोडीनचा वास आला, सहायकानं खिडक्या उघडल्या.

सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “काकाजी, हे घरी करता येते का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “बाटलीवालं येते. घड्याळवालंही येते, आईसमोर. हे इथंच.” तिनं विचारलं, का? त्यावर ते बराच वेळ बोलले, इतवारीची पाच दुकानं, चिठ्ठी, पोलीस, वह्या, सगळं. लपवलं नाही. प्रयोग चार मिनिटांत संपला होता, ही गोष्ट वीस मिनिटं चालली आणि पोरं हलली नाहीत.

प्राध्यापक जूनमध्ये निवृत्त झाले. नव्या प्रमुखांनी ते पान वाचलं आहे, फाईलला लावलं आहे, सही अजून केलेली नाही. कॉलेजच्या कपाटात आयोडेटची बाटली आहे, निम्म्याहून जास्त भरलेली, तिच्यावर काकाजींच्या अक्षरात तारीख. ऑक्टोबर लागला की ते विचारायला जाणार आहेत. या वेळी सोबत आठवी वही घेऊन.